सहाशे बारा चाचण्यांची शेवटची ओळ

१

बारा वाजले की आमच्या ऑफिसातली माणसं जेवायला आणि झोपायला घरी जातात. आमच्या विल्यारिका गावात बारा ते दोन रस्त्यावर कुत्रंसुद्धा चालत नाही. मी मात्र थांबते. झडपा ओढून घेते, पंखा लावते, डब्यातला चिपा-ग्वासूचा, मक्याच्या खारट केकचा, तुकडा टेबलावर काढून ठेवते आणि चाचण्या सुरू करते. पस्तीस वर्षं हे चाललंय.

एक हजार एकशे चाळीस चाचण्या आहेत. प्रत्येक चाचणी म्हणजे कारुंबे भाषेतला एक छोटासा प्रोग्राम आणि त्याच्याखाली लिहून ठेवलेलं अपेक्षित उत्तर. संगणकाचं उत्तर आणि लिहिलेलं उत्तर जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. कारुंबे म्हणजे कासव. इथल्याच एका मास्तरांनी आमच्या ग्वारानी बोलीतले शब्द घेऊन ही संगणकाची भाषा केली होती, कापसाच्या सहकारी संस्थांतल्या कारकुनांसाठी, ज्यांना स्पॅनिश धड येत नव्हतं. मास्तर केव्हाच गेले. कासव अजून साठ-सत्तर ठिकाणी चालतंय.

मी शाळा संपवून टाईपिस्ट म्हणून इथं लागले. कॉलेज पाहिलं नाही. पण चाचण्या माझ्या ताब्यात आल्या आणि त्यांनी मला एक नियम शिकवला. उत्तर चुकलं तर आधी ते का चुकलं ते शोधायचं. खाली लिहिलेलं उत्तर बदलून टाकायचं नाही.

जे झालं ते ऐकून लोक विचारतात, तुम्हाला भीती नाही वाटली का. वाटली. पण ती नंतर. आधी राग होता, आणि आज हे लिहितानाही हात रागानंच चालतोय.

२

देर्लिस आकुन्या मार्च महिन्यात आला. बाप विल्यारिकाचा, आई ब्वेनोस आयरेसची, आणि तो तिथंच वाढलेला. ग्वारानी त्याला शिव्यांपुरती यायची. राजधानी असुन्सिओनच्या वरिष्ठांनी त्याला कासवाची नवी आवृत्ती काढायला पाठवलं होतं. हुशार होता, हे मी नाकारत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं भिंतीवर कागद लावला. भाषेतून काढून टाकायच्या जुनाट गोष्टी, एकूण एकेचाळीस.

"न्या झुनिल्दा," तो मला म्हणाला (बाईला इथं मानानं न्या म्हणतात), "तुमच्या कासवाला चार पाय असतील तर समजू शकतो. याला एकेचाळीस शेपट्या आहेत."

यादी मी बारकाईनं वाचली. फितीवर लिहिण्याच्या आज्ञा, दोन आकडी वर्ष, घंटा वाजवायचा शब्द. या गेल्याच पाहिजेत असं मलाही वाटलं आणि मी तसं म्हटलं. सतराव्या ओळीवर थांबले.

"हे काय? 'ओरे आणि न्यांदे यांपैकी एक.'"

"दोन्हींचा अर्थ एकच. आम्ही, आपण, काय ते. एक ठेवू."

"एकच नाही," मी म्हटलं. "ओरे म्हणजे आम्ही. तुम्ही त्यात नाही. न्यांदे म्हणजे आपण. तुम्हीपण त्यात."

"स्पॅनिशमध्ये एकच शब्द आहे. नोसोत्रोस. अख्ख्या खंडाचं कुठं अडलं?"

"ग्वारानीत अडतं."

"कोणाचं?"

"ज्याला वगळलं त्याचं."

तो हसला. तेरेरेचा, म्हणजे इथल्या पाल्याच्या थंड काढ्याचा, पेला त्याच्या हातात होता. त्यानं नळीनं शेवटचा घोट सुर्रकन ओढला आणि पेला माझ्याकडे दिला. "तुम्ही इतक्या गोड बाई, पण या शब्दांवरून भांडताना माझ्या आजीसारख्या दिसता."

"आजीला तुम्ही उत्तरं द्यायचात का?"

"नाही. तीच मला द्यायची."

सगळे हसले. मीही हसले. आणि दोन दिवसांनी असुन्सिओनहून होकार आला. न्यांदे ठेवायचा, ओरे काढायचा. न्यांदेमध्ये आपलेपणा आहे, असं पत्रात लिहिलं होतं. ओरे जिथं जिथं असेल तिथं न्यांदे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कारुंबेतला प्रोग्राम संपताना न बोलता संपत नाही. शेवटच्या ओळीत तो निरोप घेतो. 'रोहो.' म्हणजे, आम्ही निघालो. ओरे गेला की रोहोही गेला, कारण ते ओरेचं क्रियापद. न्यांदेचं क्रियापद 'जाहा'.

जाहा म्हणजे, चल, जाऊ या.

३

बदल केला त्या दिवशी दुपारी मी एकटीच होते. सहाशे बारा चाचण्या लाल होणार हे मला ठाऊक होतं, कारण तेवढ्यांच्या अपेक्षित उत्तरात शेवटी 'रोहो' होतं; बाकीच्या मुद्दाम मध्येच अडणाऱ्या प्रोग्रामांच्या, त्या निरोपापर्यंत पोचतच नाहीत. मी पेन्सिल घेऊन बसले.

पहिली चाचणी दोन आकड्यांची बेरीज होती. बेरीज बरोबर आली. खाली 'जाहा' आलं. आणि प्रोग्राम थांबला नाही.

खालच्या रिकाम्या ओळीवर ती छोटी चौकट लुकलुकत राहिली. संगणक जेव्हा आपण काही लिहावं म्हणून वाट पाहतो तेव्हा लुकलुकते तशी. पण बेरजेच्या प्रोग्रामला कोणाला काही विचारायचं नव्हतं. मी मिनिटभर पाहिलं. मग तो हातानं तोडला, म्हणजे मध्येच बंद पाडला, आणि दुसरी चाचणी लावली. यादी उलटी करायची होती. यादी उलटली, 'जाहा' आलं, चौकट लुकलुकत राहिली.

तिसरी तोडत होते तेव्हा शेजारच्या खोलीत खुर्ची मागं सरकली.

ती खोली पूर्वी ऑपरेटरांची होती. आता तिथं जुनी छापयंत्रं, कागदाचे गठ्ठे आणि भिंतीला लावलेल्या लोखंडी खुर्च्या आहेत. लोखंड उन्हानं तापतं, फरशीवर करकरतं. मी मनात हेच म्हटलं. मग दुसरी खुर्ची सरकली, आणि तिसरी. घाईनं नाही. काम आवरून एकेकानं उठावं तशी.

चौथी सरकेपर्यंत माझा हात कळीवर तसाच होता.

मी उठून दार उघडलं. खुर्च्या भिंतीला होत्या, एकावर एक रचलेल्या. वरच्या खुर्चीवर धूळ होती, आणि धुळीवर कोणाचा हात लागलेला नव्हता. मी दार लावलं, परत येऊन बसले, आणि स्वतःला जे समजावता येईल ते समजावलं. खालच्या मजल्यावर सुताराचं दुकान आहे. सुतार खुर्च्या सरकवतो.

सुतार बारा ते दोन झोपतो, हे मला दोन वाजून पाच मिनिटांनी आठवलं, त्यानं शटर वर केल्याचा आवाज झाला तेव्हा.

४

'रोहो' ही ओळ मास्तरांनी घातलेली नव्हती. ती न्या पोर्फिरियानं घातली.

मी एकोणीस वर्षांची असताना ऑपरेटरांच्या खोलीत चौघी होत्या. पोर्फिरिया मुख्य. दिओनिसिया, एउसेबिया आणि लिबोरिया तिच्या हाताखाली. मास्तरांनी भाषा केली पण तिला चालायला या चौघींनी शिकवलं. पोर्फिरिया म्हणायची, घरंदाज माणूस सांगितल्याशिवाय उठून जात नाही, मग प्रोग्राम का जाईल. तेव्हापासून प्रत्येक प्रोग्राम 'रोहो' म्हणून निघू लागला.

त्या मला वाईट वागवत नव्हत्या. पेला फिरला की माझ्यापर्यंत यायचा. पण बोलताना ओरे. ओरे असं करतो, ओरेला हे पटत नाही. सात महिने मी त्यांच्या खोलीत बसत होते आणि सात महिन्यांत एकीच्याही तोंडून माझ्यासमोर न्यांदे निघालं नाही.

मग एक दिवस नदीपलीकडच्या संस्थेत कासव बसवायला जायचं ठरलं. मी आदल्या दिवशी ब्लाउजला इस्त्री केली. सकाळी पर्स घेऊन दारात उभी राहिले. दिओनिसिया म्हणाली, "अगंबाई, ही बघ नवरीसारखी नटलीय."

पोर्फिरियानं माझ्याकडे पाहिलं. "ओरे रोहो," ती म्हणाली. "तू फोन बघ, पोरी."

आम्ही निघालो. तू नाही.

गाडी गेल्यावर मी ऑपरेटरांच्या खोलीत जाऊन बसले, आणि मनात म्हटलं, जा, परत येऊच नका.

पाऊस झाला होता. तेबिकुआरी नदीवर तराफ्याची तार तुटली. गाडी तराफ्यावर होती आणि चौघी गाडीतच बसून होत्या. एकही परत आली नाही.

पस्तीस वर्षं लोक मला म्हणत आले की देवानं तुला वाचवलं. मला देवाचं ठाऊक नाही. मला एक शब्द ठाऊक आहे. तो मी सहाशे बारा ठिकाणी जपून ठेवला होता, रोज दुपारी बघायचे की तो जागेवर आहे. आणि एका माणसानं, ज्याला त्याचा अर्थ ऐकू येत नव्हता, तो कागदावरची सतरावी शेपटी म्हणून कापून टाकला. माझ्या रागाचं कारण कोणी विचारलं तर हे आहे.

५

"थांबत नाही म्हणजे?" देर्लिस म्हणाला. "मी काही विचारायची आज्ञा घातलेली नाही. हे बघा, अख्ख्या भाषेत कुठंच नाही."

खरंच नव्हती. मी दाराबाहेर उभी असताना त्यानं माझ्या खुर्चीत बसून चाचणी लावली. बेरीज, 'जाहा', आणि प्रोग्राम झटक्यात संपला.

"तुमचा कोपर कळीवर पडत असेल," तो म्हणाला.

"पस्तीस वर्षं पडला नाही."

"वय वाढतं, न्या झुनिल्दा."

"वाढतं खरं. तुमचं अजून सुरूसुद्धा झालेलं नाही."

मी बसले. प्रोग्राम थांबून राहिला. मी बाहेर गेले, तो बसला, संपला. आम्ही यंत्र बदललं. त्याच्या यंत्रावर मी बसले, तरी चौकट लुकलुकत राहिली. कळफलक काढून ठेवला, तरी. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही माझी सवय. दोन दिवस मी पाहिलं. यंत्रानं फरक पडत नव्हता, वेळेनं नाही, प्रोग्रामनं नाही. चाचणी लावून मी खोलीबाहेर गेले तर ती आपोआप संपायची. मी खोलीत असले की वाट पाहायची.

हे मी वहीत लिहिलं, तारखेसह. लिहिताना हात स्वच्छ चालला. मग वही मिटून खणात टाकली.

"वाट बघतंय ना," देर्लिस शेवटी वैतागून म्हणाला, "मग द्या उत्तर. जाहाला लोक काय उत्तर देतात?"

"जाहा."

"मग लिहा जाहा. एक शब्द. चाचणी पुढं सरकेल."

"लिहिणार नाही."

"का?"

काय सांगणार होते? की हो म्हटल्यावर उठावं लागतं?

"मी चाचण्यांमध्येच उत्तर घालून टाकतो, तुमच्या नावानं," तो म्हणाला. "तुमच्या नावावरच चालतात ना त्या."

"इंजिनिअर," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की पुढच्या खोलीतलं टाईपिंग थांबलं. "माझ्या नावानं तुम्ही कोणाला हो म्हणायचं नाही. लग्नातसुद्धा दुसऱ्यानं हो म्हटलेलं चालत नाही."

तो खालच्या आवाजात बोलला. उद्धटपणे नाही, आणि तेच जास्त लागलं. "शुक्रवारी आवृत्ती जायची आहे. शुक्रवारपर्यंत सगळं हिरवं झालं नाही तर मी असुन्सिओनला लिहीन की चाचण्या सांभाळायला माणसाची गरज नाही. मला ते लिहायचं नाही. एक शब्द आहे, बाई."

६

बुधवारी दुपारी मी आत जाणारच नव्हते. गेले, कारण न जाणं म्हणजे त्याचं म्हणणं खरं करणं.

एकच चाचणी लावली. 'जाहा.' चौकट लुकलुकत होती. मी तोडली नाही. हात मांडीवर घेऊन बसले आणि म्हटलं, बघू किती वाट बघतात.

शेजारी खुर्च्या सरकल्या, एक, दोन, तीन, चार. मग एक बारीक टक असा आवाज. मग आणखी एक. बायकांमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना तो ओळखू येईल. पर्सची कडी लागल्याचा आवाज. कंगवा आत टाकला, रुमाल आत टाकला, पर्स मिटली. चार वेळा झाला. त्यानंतर काहीच नाही. तयार होऊन उभ्या राहिलेल्या माणसांची जी शांतता असते, ती. पंखा फिरत होता. चिपाच्या तुकड्यावर माशी बसली, उठली.

पाच मिनिटांनी स्क्रीनवर आणखी एक ओळ आली. मी कशाला हात लावला नव्हता.

'जाहा कातू.'

म्हणजे, चल की गं.

मी नंतर सगळी भाषा शोधली, पहिल्या आज्ञेपासून शेवटच्यापर्यंत. कातू हा शब्द कारुंबेत नाही. कधीच नव्हता. संगणकाच्या भाषेत लाडीगोडीचा शब्द कोण कशाला घालेल?

आणि माझी लाज मी लपवत नाही. त्या ओळीनं माझे डोळे भरून आले. सात महिने ज्या एका शब्दाची वाट पाहिली, तो मला पस्तीस वर्षांनी मिळत होता, वर मनधरणीसकट. माझी बोटं कळफलकावर गेली होती. ज आणि आ माझ्या हातून दाबलेही गेले. मग दाराच्या फटीतून वास आला. टाल्कम पावडरचा, आणि त्याखाली ओल्या कपड्यांचा. सात दिवस न सुकलेल्या कपड्यांना येतो तो.

मी ती दोन अक्षरं खोडली आणि यंत्राची वायर भिंतीतून ओढून काढली.

त्या संध्याकाळी मला सर्वांत जास्त राग पोर्फिरियाचा आला. तेव्हा म्हणाली नाहीस. आता कशाला म्हणतेस?

७

शुक्रवारी बाराला सगळे गेले. देर्लिस गेला नाही. त्यानं खुर्ची ओढली, माझीच, आणि बसला.

"ती माझी खुर्ची आहे," मी म्हटलं.

"पाच मिनिटं. खालच्या उत्तरांतला रोहो मी कालच एकदम बदललाय. तुमच्या नावानं उघडतो, शब्द लिहितो, सगळं हिरवं होतं. तुमची नोकरी राहते, माझी आवृत्ती जाते. सोमवारी चिपा माझ्याकडून."

"मी खोलीत आहे. तुम्ही बसलात तरी ते वाट पाहील."

"मग बरंच आहे. उत्तर देताच येईल."

त्यानं सहाशे बारा चाचण्या एकदम लावल्या. स्क्रीनवर 'जाहा' खाली 'जाहा' येत गेलं, आणि सगळ्यांत शेवटी चौकट लुकलुकत राहिली. शेजारी खुर्च्या सरकल्या. त्यानं मान वर केली.

"सुतार," तो म्हणाला.

"सुतार झोपलाय."

इथं मी थांबून खरं सांगते. माझ्याकडे वेळ होता. त्याचा हात धरता आला असता. तराफ्याचं, चौघींचं, कातूचं, सगळं ओरडून सांगता आलं असतं. त्यानं वेड्यात काढलं असतं, पण सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी त्याच्या मानेकडे बघत उभी राहिले आणि माझ्या मनात शब्दसुद्धा तेच होते. जा. परत येऊ नकोस.

त्यानं 'जाहा' लिहिलं आणि कळ दाबली.

हिरव्या खुणा सरसर खाली गेल्या. "बघा," तो म्हणाला. त्यानंतर गप्प बसला. कोणीतरी त्याच्याशी बोलत असावं आणि तो ऐकत असावा, तसा. त्यानं गुडघे एका बाजूला घेतले. बसच्या बाकावर शेजारचीला आत जायला वाट देतात, तसे. मग उठला, शर्ट खोचला, टेबलावरची पेनं नीट लावली. माझ्याकडे पाहून जरा संकोचानं हसला. बरोबर बायका असल्या की पुरुष हसतात, तसं.

दारातून त्यानं सांगितलं, "ओरे रोहो, न्या झुनिल्दा."

ज्या माणसाला या दोन शब्दांतला फरक कधी ऐकू आला नव्हता, ज्यानं स्वतःच्या हातानं तो शब्द भाषेतून काढला होता, त्याच्या तोंडात तो होता. उच्चार विल्यारिकाचा होता. जुना.

मी झडपेशी गेले. खाली रस्ता पांढरा पडला होता, एक माणूस नव्हतं. देर्लिसनं फाटक उघडलं आणि धरून उभा राहिला. एका माणसाला बाहेर पडायला लागतो तेवढा वेळ मी मोजला. मग दुसऱ्याचा. चार वेळा मोजून झाल्यावर त्यानं फाटक सोडलं आणि स्वतः बाहेर पडला. त्याची मोटरसायकल झाडाखाली उभी होती. तिच्याकडे न बघता तो दक्षिणेच्या रस्त्याला लागला. मधूनच मान कलवत होता, डावीकडे, मग उजवीकडे, दोन्ही बाजूंनी बोललेलं ऐकत चालल्यासारखा. नदी तिकडे तीस किलोमीटरवर आहे.

८

पोलीस सभ्यपणे वागले. शेवटचं कोणी पाहिलं, मी. काही भांडण होतं का, कामावरून होतं. काय म्हणाला, निघतो म्हणाला. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. मोटरसायकल अजून झाडाखाली आहे, तिच्या सीटवर चिमण्या बसतात.

असुन्सिओनहून निरोप आला की आवृत्ती उत्तम आहे, सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत. मी त्यांना पत्र लिहिलं की ओरे परत घालायला हवा. उत्तर आलं नाही. मग मी परवानगीची वाट पाहिली नाही. बारा दिवस, रोज दुपारी, मी तो शब्द भाषेत परत ठेवला आणि सहाशे बारा चाचण्यांची शेवटची ओळ हातानं लिहिली. एकदम बदलायची सोय आहे. मी वापरली नाही. मला प्रत्येक ओळ लिहिताना रागवायचं होतं, आणि मी रागावले. असुन्सिओनवर, त्या पोरावर, पोर्फिरियावर. स्वतःवर आले तेव्हा तीनशेच्या पुढं गेले होते.

आता प्रोग्राम झटक्यात संपतात. शेजारची खोली गप्प असते.

गेल्या गुरुवारी फोन आला. त्याची आई, ब्वेनोस आयरेसहून. तिला ग्वारानी येत नाही. आम्ही स्पॅनिशमध्ये बोललो. आवाज थकलेला, पण नीट बोलत होती, मला ताई म्हणत होती. म्हणाली, "ताई, पोलिसांच्या कागदात एकच ओळ आहे. माझा मुलगा जाताना नेमकं काय म्हणाला, तेवढं मला त्याच्या शब्दांत सांगा. मला दुसरं काही नको."

मी सांगितलं. तिच्या भाषेत ते जसं होतं तसं सांगितलं. नोस वामोस. आम्ही निघतो, किंवा आपण निघू या; त्या भाषेत दोन्ही एकच.

ती ते दोन शब्द स्वतःशी पुटपुटली.

"म्हणजे त्यानं तुम्हाला बोलावलं," ती म्हणाली. "चला जाऊ म्हणाला तो तुम्हाला. माझं पोर एकटं जायला घाबरत होतं, म्हणून तुम्हाला सोबत बोलावत होतं. आणि तुम्ही उठला नाहीत."

"तसं नाही," मी म्हटलं.

"मग कसं?" ती ओरडली. "सांगा ना, तो म्हणाला त्यात तुम्ही होता की नव्हता?"

मी तोंड उघडलं. त्या भाषेत माझ्याकडे एकच शब्द होता.